डाव्या हाताचं आकाश

मास्तरांनी ते वाक्य पाहुण्यासमोर उच्चारलं नसतं, तर त्यांच्या धाकटीने बहुधा जन्मात ब्रश हातात धरला नसता.

पाहुणा म्हणजे मास्तरांचा जुना विद्यार्थी. आता त्याचेच केस पिकले होते आणि तो स्वतः कुठल्याशा कलाशाळेत शिकवत होता. कितीतरी वर्षांनी आला आणि पुढच्या खोलीत कोचावर बसून जुन्या दिवसांबद्दल भरभरून बोलू लागला. कोचाच्या वर धाकटीच्या दादाने एकोणिसाव्या वर्षी केलेलं चित्र टांगलेलं होतं. त्याकडे मान वळवून तो म्हणाला, की हे चित्र आम्ही सगळ्यांनीच केलं, पण आकाश जमलं ते फक्त मास्तरांच्या मुलाला. मग कॉफी घेऊन आलेल्या धाकटीला त्याने सहज विचारलं, की तुम्ही कधी रंगवलं नाहीत का?

तिने तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, “तिला रंगाची जाण नाही. ती कवळ्या करते.”

पाहुणा हसला, कारण त्याला वाटलं विनोद आहे. धाकटीने ट्रे ठेवला, स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्याच दिवशी सकाळी नऊपासून एकपर्यंत तिने एक दात केला होता. एकच. कुणा शिक्षिकेचा, वरचा, अगदी पुढचा. दातांच्या लॅबमध्ये तिला सव्वीस वर्षं झाली होती आणि ज्या दातापुढे बाकीचे हात टेकत, तो शेवटी तिच्या टेबलावर येई. दात पांढरा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी नीट पाहिलेलाच नसतो. हिरडीपाशी तो पिवळसर, मध्ये दुधी, कडेला निळसर राखाडी आणि टोकाला जवळजवळ काचेसारखा. चिनीमातीच्या पुडीचे पातळ थर एकावर एक चढवायचे, भट्टीत भाजायचे, पुन्हा चढवायचे. आणि एवढं करून शेजारच्या खऱ्या दातापेक्षा केसभर वेगळा दिसला, तर बाई आरशासमोर उभी राहून रडते. धाकटीने केलेला दात परत आला, असं वर्षातून एकदासुद्धा होत नसे.

रंगाची जाण नाही म्हणे.

मास्तर एक्क्याऐंशी वर्षांचे होते, धाकटी सत्तेचाळीस. तिचं लग्न झालं होतं आणि सहा वर्षांत आटोपलंही होतं. तेव्हापासून ती याच घरात वरच्या खोलीत राहायची. आई गेल्यावर मास्तरांचं जेवणखाण, औषधं, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा, सगळं आपोआप तिच्या गळ्यात आलं. मास्तरांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. सरळ पाहिलं की समोर करडा डाग. मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर थोडंफार दिसे. दादा दूरच्या देशात एसी विकत होता आणि महिन्यातून दोनदा फोन करत होता. बाविशीनंतर त्याने रंगाची ट्यूब उघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तरी घरातला चित्रकार तोच.

एके काळी दर रविवारी पुढच्या खोलीत मास्तरांचा वर्ग भरे. शेवटची परीक्षा म्हणजे एक ठरलेलं चित्र. मास्तरांनी कुठल्यातरी परदेशी मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं ते छापील पान होतं; चित्रकाराचं नाव असलेला कोपरा फाटून गेलेला. अतिवास्तव निसर्गचित्र. रखरखीत पिवळी सपाट जमीन, तिच्या मधोमध दाराची एक एकटी चौकट, भिंत नाही, घर नाही. चौकटीतून समुद्र दिसायचा, पण चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूला पाण्याचा थेंब नव्हता. पुढे पाच गोल दगड, आणि प्रत्येकाची सावली वेगळ्या दिशेला पडलेली. वर आकाश क्षितिजापाशी फिकं हिरवं, आणि चढत चढत भरदुपारी काळंभोर झालेलं. हिरव्याचं काळं नेमकं कुठे होतं ते कुणालाही बोट ठेवून दाखवता येत नसे. तिथेच सगळ्यांचं घोडं अडायचं.

धाकटी तेव्हा ब्रश धुवायची. वर्ग संपला की एकवीस-बावीस ब्रश मागच्या मोरीत घेऊन बसायचं, आधी टर्पेंटाइन, मग साबण, मग केस बोटांनी निमुळते करून बरणीत उभे ठेवायचे. एकदा तिने विचारलं होतं, की मीही करू का. मास्तर म्हणाले होते, रंग महाग असतात. आई म्हणाली होती, जाऊ दे.

पुढच्या रविवारी सकाळी धाकटीने पुढच्या खोलीतला कोच अगदी भिंतीला भिडवला, माळ्यावरची चित्राची तिकाटी खाली काढली, झटकली आणि खिडकीशी उभी केली. कॅनव्हास, ट्यूबा, तेल ती आदल्या दिवशी घेऊन आली होती. कपाटातलं ते पुठ्ठ्यावरचं चित्र काढलं आणि शेजारी टाचलं.

मास्तर आपल्या खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होते. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

“परीक्षा देतेय,” ती म्हणाली. “शिकवायचं तर शिकवा. नाही शिकवलंत तरी मी करणार आहे.”

मास्तरांनी शिकवलं नाही. दोन रविवार ते रेडिओ लावून बसले. धाकटीने छापील चित्रावर चौकोनांची जाळी आखली, तीच मोठी करून कॅनव्हासवर उतरवली. रेखाटन तिला जड गेलं नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागात काम करणाऱ्या हाताला एक चौकट सरळ काढणं म्हणजे काय. पण रंग लावायला घेतला आणि सगळा विचका झाला. तिने जमीन जाड लावली, ती वाळेना. वर दगड घेतले, ते खालच्या पिवळ्यात कालवले जाऊन शेणाच्या गोळ्यांसारखे दिसू लागले. लॅबमध्ये प्रत्येक थर भट्टीतून निघे, कोरडा ठणठणीत. इथे सगळं ओलं, सगळं सरकतं. तिला त्या चित्राचा राग आला, तेलाचा राग आला, आणि रेडिओवर बातम्या ऐकत बसलेल्या त्या पाठमोऱ्या माणसाचा तर इतका आला, की तिने सुरीने सगळा रंग खरवडून काढला.

तिसऱ्या रविवारी रेडिओ बंद झाला.

“थांब,” मास्तर म्हणाले. “ब्रश खरवडतोय. ऐकू येत नाही का तुला?”

“मला दिसतंय. तेवढं पुरे आहे.”

“दिसत असतं तर खरवडला नसता. खालचा थर नुसत्या टर्पेंटाइनमध्ये घे, पाण्यासारखा. भुरा. सगळं चित्र आधी एकाच भुऱ्यात उभं कर आणि आठवडाभर हात लावू नकोस. तेल वरच्या थरात. खाली तेल आणि वर कोरडं केलंस तर वर्षभरात तडकेल.”

तिला बरणी उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. हे त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर चार वाक्यांचंच काम होतं. तिने भुरा रंग पातळ केला आणि कामाला लागली.

तिथून पुढे ते आपापल्या जागेवरून एकमेकांशी भांडत शिकू-शिकवू लागले. मास्तर वासावरून टर्पेंटाइन जास्त झालं ते ओळखायचे आणि आवाजावरून ब्रश कुठला घेतला ते. धाकटीला त्यांचं प्रत्येक म्हणणं पटायचं आणि त्या पटण्याचीच चीड यायची. एकदा ती म्हणाली, की असल्या चित्रात सावल्या चुकल्या तर कुणाला कळणार आहे, सगळंच तर मनाचं आहे. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. ते म्हणाले, की खऱ्या बागेचं चित्र असेल तर पाहणारा चूक पोटात घालतो, कारण बाग त्याने पाहिलेली असते. ही जागा कुणीच पाहिलेली नाही. इथे एक दगड जरी जमिनीवर नीट टेकला नाही, तरी पाहणारा म्हणेल, चल, थापा मारतोय. भिंतीशिवायचं दार पटवायचं असेल तर त्या दाराच्या लाकडाची रेघन् रेघ खरी पाहिजे.

त्या दिवशी लॅबमध्ये असल्यासारखं तिने चौकटीचं लाकूड चार तास केलं, आणि ते उत्तम झालं. मास्तरांनी कडेने पाहिलं आणि “हं” म्हणाले. एवढंच.

मग आकाश आलं, आणि आकाशाने तिचा जीव खाल्ला.

तिने ते तीनदा केलं आणि तीनदा पुसलं. हिरवा आणि काळा एकमेकांत ओढले की मध्ये डबक्यासारखा गढूळ पट्टा तयार व्हायचा. मास्तर सांगत, ब्रश कोरडा करून हलका फिरव, मनगटातून नको, खांद्यातून फिरव. ती खांद्यातून फिरवायची. पट्टा जायचा नाही. आणि मान वर केली की भिंतीवर दादाचं आकाश, एकोणिसाव्या वर्षी केलेलं, घडी न पडलेल्या रेशमासारखं. मास्तर एकदा म्हणालेच, की त्याच्या हातात ते होतं, ते शिकवून येत नाही. धाकटीने ब्रश तिथेच टाकला आणि वर निघून गेली.

मंगळवारी लॅबमधून येताना तिने आपला भिंगाचा चष्मा घरी आणला. दादाने नेमकं केलं काय, ते तिला पाहायचंच होतं. मास्तर शेजाऱ्यांबरोबर फिरायला गेले होते. ती कोचावर चढली, दिवा जवळ ओढला आणि त्या चित्रापासून वीतभर अंतरावर डोळे नेले.

लॅबमध्ये सहाजण मेणाचे दात कोरत. कुठला दात कुणी कोरला, ते धाकटी नाव न वाचता सांगायची; सुरी प्रत्येकाच्या हातात आपल्या वळणाने चालते. भिंगातून दादाचे दगड तिने पाहिले. फटकारे वर उजवीकडून खाली डावीकडे आलेले, थोडे घाईचे, कडेला अडखळलेले. उजव्या हाताच्या, बऱ्यापैकी पण सामान्य मुलाचे दगड. मग ती वर सरकली. आकाशातले फटकारे केसाइतके बारीक होते, पण होते; आणि ते सगळेच्या सगळे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत होते. तिने पुन्हा पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

या घरात डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते आत्ता फिरायला गेलं होतं.

तिने तिथेच, कोचावर उभ्या उभ्या, दादाला फोन लावला. तो कामावर होता; काय झालं, बाबांना काही झालं का, म्हणून घाबरला. तिने सरळ विचारलं, की आकाश कुणी रंगवलं.

दादा कोरडं हसला. तो म्हणाला, की मला वाटायचं तुला माहीत आहे. तो दोन दिवस आत्याकडे गेला होता. जाताना आकाश अर्धवट, गढूळ होतं. परत आला तेव्हा ते पुरं झालेलं होतं आणि मास्तर दारातच त्याची पाठ थोपटत म्हणाले होते, की बघ, वाळल्यावर कसं छान दिसतंय. दोघांनीही त्यावर पुढे कधीच एक शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात मास्तरांनी सगळ्या वर्गाला बोलावून ते चित्र दाखवलं.

“सगळे टाळ्या वाजवत होते,” दादा म्हणाला. “मी उभा होतो तिथे, मान खाली घालून. तेव्हाच कळलं मला, की माझं जे काही आहे ते यांना पुरत नाही. नंतर तीन वर्षं मी नुसता ब्रश धरून बसायचो, छोटे. घाण वास येतो मला अजून त्या तेलाचा.”

मग त्याने आवाज खाली आणून, पण इतक्या रागाने की तिला तो अनोळखी वाटला, सांगितलं, की ते चित्र भिंतीवरून काढ. मी आजवर सांगू शकलो नाही. तू काढ.

तिने ते काढलं. मास्तर परत आले तेव्हा चित्र जेवणाच्या टेबलावर उताणं पडलं होतं आणि धाकटी समोर बसली होती. तिने त्यांचा हात धरून चित्राच्या फ्रेमवर ठेवला. कसलं चित्र ते त्यांना लगेच कळलं.

दादा फोनवर काय म्हणाला ते तिने सांगितलं. सुरुवातीला त्यांनी उडवून लावलं. म्हणाले, दादा काहीही बोलतो, थोडा हात फिरवला असेल मी, सगळे गुरू फिरवतात. धाकटीने सांगितलं, की थोडा नाही, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मला ते दिसलं आहे. रोज आठ तास मी हेच बघते. तेव्हा ते काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसले.

“मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं,” शेवटी ते म्हणाले. “मुलगा माझ्यापुढे जाणार म्हणून. लोक विचारायला लागले होते.”

“आणि मी?”

“तुझं काय?”

“मी त्याच घरात होते, बाबा. मोरीत. तुमचे ब्रश धूत.”

मास्तरांनी मान वाकडी केली. कडेने तिच्याकडे बघण्याची ती नेहमीची लकब होती, पण या वेळी त्यांनी नजर पुन्हा खाली नेली.

“त्या आकाशातला हिरवा मला जमत नव्हता,” ते म्हणाले. “तेव्हासुद्धा. छापलेल्याशी जुळेना. मी तुला हाक मारली होती. दोन ठिपके दाखवून विचारलं, हे सारखे आहेत का गं. तू म्हणालीस, नाही, याच्यात थोडा पिवळा पाहिजे आणि अगदी नखभर लाल. लाल म्हटल्यावर मी हसलो. मग घालून पाहिला.”

धाकटीला ते आठवलं. आठवलं ते खेळ म्हणून. तेरा वर्षांची ती, ओले हात फ्रॉकला पुसत उभी, आणि बाबा आज आपल्याला काहीतरी विचारताहेत याचा केवढा आनंद. असं त्यांनी पुष्कळदा विचारलं होतं. पुष्कळदा.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“आणि तरी त्या पाहुण्यासमोर म्हणालात, जाण नाही.”

“इतकी वर्षं म्हणत आलो. तोंडात बसलं होतं.” त्यांनी काठी टेबलाला टेकवली. “तुला शिकवलं असतं तर तो वर्षभरात मागे पडला असता. मला ते बघवलं नसतं. तुझं लग्न होईल, तू तुझ्या घरी जाशील, कशाला, असं वाटलं. मी चुकलो, धाकटे. मी—”

“माफी मागू नका,” ती म्हणाली. “मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि मला द्यायची नाही.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर कदाचित दोघांनाही सोपं गेलं असतं. तिने चित्र उचलून कपाटामागे ठेवलं, त्यांचं जेवण वाढलं, गोळ्या काढून वाटीत ठेवल्या आणि वर गेली. त्यानंतर अकरा दिवस ती त्यांच्याशी गरजेपुरतं बोलली. दादाने एकदा फोन करून विचारलं, की तू त्यांना माफ केलंस का. ती म्हणाली, तू आधी कर, मग मला सांग. तो म्हणाला, मी नाही करणार. कितीतरी वर्षांनी बहीण-भावाचं एका गोष्टीवर एकमत झालं.

बाराव्या दिवशी रविवार होता. तिने तिकाटीसमोर बसून आपलं चौथं आकाश सुरू केलं, आणि या वेळी मास्तरांची पद्धत धरलीच नाही. ओल्यात ओलं ओढायचं सोडून दिलं. तिने दातासारखं केलं. फिका हिरवा सगळीकडे, वाळू दिला. त्यावर तेलात विरघळवलेला, काचेसारखा पातळ थर, थोडा गडद, खालून वर. पुन्हा वाळू दिला. दर थराला आठ-दहा दिवस. मास्तर खुर्चीत बसून विचारत, किती थर झाले. ती आकडा सांगत असे, पुढे काही नाही. एकदा ते म्हणाले, की असं कुणी करत नाही. ती म्हणाली, मी करते.

चौदा थरांना चार महिने लागले. गढूळ पट्टा आला नाही. हिरव्याचं काळं होत गेलं ते कुठे झालं, हे ते करणाऱ्या तिलाही बोट ठेवून दाखवता आलं नसतं. शिवाय त्यात असं काहीतरी आलं होतं, जे दादाच्या नावावरच्या आकाशात नव्हतं आणि छापील पानावरही नव्हतं: उजेड वरून नाही, आतून येत होता.

तिने मास्तरांना दाखवलं नाही. त्यांनीच एका सकाळी विचारलं, की मी पाहू का. आणि विचारताना त्यांचा आवाज आयुष्यात प्रथमच परवानगी मागणाऱ्याचा होता. तिने तिकाटी त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी वळवली. त्यांनी मान तिरकी केली. बराच वेळ ते वरचा भाग पाहत राहिले, काठी खाली पडली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. ते काहीतरी चांगलं बोलतील याची तिला भीती वाटत होती, कारण मग तिला त्याचं काय करावं ते कळलं नसतं.

“हे मला जमलं नसतं,” ते म्हणाले. मग मान आणखी वाकवून, खाली बघत: “तिसऱ्या दगडाची सावली मऊ झालीय. लांबची कडा. तो दगड तरंगतोय.”

धाकटीने पाहिलं. दगड तरंगत होता. चार महिने ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं, आणि या अर्ध्या आंधळ्या म्हाताऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्याने तिचं जे काही घेतलं होतं ते घेतलंच होतं. आणि वर त्याचं म्हणणं बरोबरही होतं. इतका राग तिला त्या कबुलीच्या दिवशीही आला नव्हता.

“उठा तिथून,” ती म्हणाली. “उजेड अडवताय.”

मास्तर उठून बाजूला झाले. तिने बारीक ब्रश घेतला, भुऱ्यात थोडा निळा कालवला आणि सावलीची लांबची कडा ओढायला बसली. लॅबला पोचायला तिला त्या दिवशी पाऊण तास उशीर झाला.